दिवसाला दीड कट

पांढरे सुती हातमोजे घालून मी संकलनाच्या टेबलाशी वीस वर्षं काढली. त्या काळी चित्रपट खरोखरच कापला जायचा. पट्टी पात्याखाली धरायची, काप द्यायचा, चिकटपट्टीने पुढचा तुकडा जोडायचा आणि उरलेला तुकडा नंबर घालून बिनवरच्या, म्हणजे तुकडे ठेवायच्या पेटीवरच्या, खुंटीला टांगायचा. सहायक म्हणून लागले त्याच वर्षी माझ्या हातून एक तुकडा हरवला. नऊ चौकटींचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. दोन रात्री शोधल्यावर तो बिनच्या तळाशी, कापडी अस्तराच्या घडीत सापडला. तोवर अख्खं रीळ अडून बसलं होतं. हा धंदा मला त्या दोन रात्रींनी शिकवला.

म्हणूनच ‘अपोकॅलिप्स नाऊ’चा विषय निघाला की लोक वादळाबद्दल बोलतात, मार्लन ब्रँडोच्या वजनाबद्दल बोलतात, आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र डबे येतात. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या या चित्रपटाची साधारण साडेबारा लाख फूट फिल्म संकलकांपुढे आली. हजार फुटांचा एक डबा धरला तर साडेबाराशे डबे. नुसती बघायची म्हटली तरी २३० तास. त्यातून पडद्यावर उरले अडीच तासांहूनही कमी. ९५ फुटांमागे एक फूट.

हा चित्रपट ज्यावरून निघाला ते मूळ पुस्तक मात्र जेमतेम शंभर पानांचं. त्याचा लेखक जोसेफ कॉनरॅड हा जन्माने पोलिश, पेशाने खलाशी. १८८४ मध्ये तो आपल्या मुंबई बंदरात ‘नार्सिसस’ जहाजावर अधिकारी म्हणून चढला आणि युरोपला परतला. सहा वर्षांनी, १८९० मध्ये, तो काँगोला गेला. तो मुलूख तेव्हा बेल्जियमच्या राजा लिओपोल्डची खासगी मालमत्ता होता. हस्तिदंतासाठी तिथे माणसं कशी पिळली जातात हे कॉनरॅडने आगबोटीवरून पाहिलं आणि तो आजारी पडून परतला. त्यातून लिहिलेली ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही लघुकादंबरी १८९९ मध्ये ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात क्रमशः आली. मार्लो नावाचा खलाशी नदीतून आत आत जातो आणि तिथे देव होऊन बसलेल्या कुर्ट्झ नावाच्या गोऱ्या व्यापारी अधिकाऱ्याला गाठतो, एवढीच गोष्ट.

ही गोष्ट पडद्यावर आणायला ऑर्सन वेल्स १९३९ मध्येच निघाला होता. खर्चाचा आकडा फुगल्यावर ते काम बासनात गेलं आणि त्याने ‘सिटिझन केन’ केला. तीस वर्षांनी, १९६९ च्या सुमारास, जॉन मिलियस यांनी काँगोच्या जागी व्हिएतनाम घालून पटकथा लिहिली. दिग्दर्शन जॉर्ज लुकास करणार होते, तेही थोडक्या पैशांत, वार्तापटासारखं. ते दुसरीकडे गुंतले आणि पटकथा कोपोलांकडे आली. ‘गॉडफादर’चे पहिले दोन भाग तेव्हा झालेले होते आणि कोपोलांना कुणी नाही म्हणत नव्हतं.

नाही म्हटलं ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याने. आपलाच अधिकारी मारायला आपलाच अधिकारी धाडणाऱ्या लष्कराची गोष्ट त्यांना मान्य नव्हती. कोपोला फिलिपिन्सला गेले. तिथे फर्डिनांड मार्कोस यांची लष्करी राजवट होती आणि तिच्याकडे भाड्याने द्यायला अमेरिकी बनावटीची ह्युई हेलिकॉप्टरं होती. चित्रीकरण २० मार्च १९७६ ला सुरू झालं. दृश्य लागायचं, कॅमेरे तयार व्हायचे आणि हेलिकॉप्टरं मध्येच बंडखोरांशी लढायला उडून जायची. खोट्या युद्धासाठी घेतलेली यंत्रं खऱ्या युद्धावर जात होती.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगते. नायकाच्या भूमिकेतल्या हार्वी कायटेलला काही आठवड्यांतच काढलं आणि मार्टिन शीन आला. मे महिन्यातल्या टायफूनने सेट उद्ध्वस्त केले, काम काही आठवडे बंद पडलं. आठवड्याला दहा लाख डॉलर या बोलीवर ब्रँडो कुर्ट्झची भूमिका करायला आला, तो फुगलेल्या अंगाने. कॅमेरामन व्हितोरियो स्टोरारो यांनी त्याला काळे कपडे घालून अंधारात बसवलं आणि फक्त मुंडण केलेल्या डोक्यावर उजेड टाकला. मार्च १९७७ मध्ये शीनला हृदयविकाराचा झटका आला. वय अवघं ३६. तो बरा होईतो त्याचा भाऊ जो एस्टेव्हेझ पाठमोऱ्या दृश्यांत उभा राहिला. सुमारे सव्वा कोटी डॉलर धरलेला खर्च तीन कोटींच्या वर गेला आणि कोपोलांनी स्वतःची मालमत्ता गहाण टाकली. चित्रीकरणाचे दिवस भरले २३८. हे सगळं त्यांच्या पत्नी एलिनॉर यांनी टिपून ठेवलं. त्यांची रोजनिशी १९७९ मध्ये छापली गेली आणि त्यांनी घेतलेल्या दृश्यांवरून १९९१ मध्ये ‘हार्ट्स ऑफ डार्कनेस’ हा माहितीपट झाला.

या गोष्टीतला एक भाग मात्र भराभर सांगून चालणार नाही. कुर्ट्झच्या राज्यातली माणसं म्हणून लुझोन बेटाच्या डोंगराळ भागातले इफुगाव लोक आणले होते. शेवटी जो रेडा कापला जातो, तो त्यांच्या खऱ्या विधीतला. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारांवर भातखाचरांच्या पायऱ्या बांधणारे. चित्रपटात ते गोऱ्या माणसापुढे मुकाट उभे असतात. त्यांची भाषा, त्यांचं शहाणपण यांतलं काही पडद्यावर येत नाही. चित्रीकरणाच्या एकच वर्ष आधी, १९७५ मध्ये, नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांनी अमेरिकेत भाषण करून कॉनरॅडवर नेमका हाच आरोप केला होता: एका युरोपीय माणसाच्या मनाची पडझड दाखवायला त्याने आफ्रिकेचा निव्वळ पडदा केला. पुस्तकाचं बळ चित्रपटात उतरलं, तसा त्याचा दोषही उतरला. या चित्रपटावर माझा जीव आहे, आणि म्हणूनच हे बोलायला हवं.

मे १९७७ मध्ये चित्रीकरण संपलं. गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. माझ्या लेखी खरं काम इथून सुरू झालं.

रिचर्ड मार्क्स, वॉल्टर मर्च, जेराल्ड ग्रीनबर्ग आणि लिसा फ्रुक्टमन हे चार संकलक. हेलिकॉप्टरांच्या हल्ल्याचा भाग ग्रीनबर्ग यांच्याकडे होता. कोपोलांनी तो आठ कॅमेरे एकदम लावून, एखादी खरी घटना टिपावी तसा घेतलेला. त्या एका प्रसंगाची फिल्म दोन लाख वीस हजार फूट, म्हणजे चाळीस तास. त्यातून पंचवीस मिनिटं काढायची होती. मर्च यांनी पुढे आपल्या पुस्तकात हिशेब मांडला आहे: शेवटच्या प्रतीतले कट आणि संकलकांचे कामाचे दिवस यांचा भागाकार केला तर एका संकलकाचे दिवसाला कट पडतात १.४७. दीडसुद्धा नाही.

बाहेरच्या माणसाला हा आळस वाटेल. आम्हाला तो आकडा वाचून धाप लागते. टिकलेल्या प्रत्येक कटामागे न टिकलेले किती असतात हे टेबलाशी बसल्याशिवाय कळत नाही. जोडायचं, बघायचं, सोडवायचं, चार चौकटी वाढवायच्या, पुन्हा बघायचं, आठवड्याने सगळा प्रसंगच काढून टाकायचा, महिन्याने परत घालायचा. आणि दरवेळी नेमका तुकडा नेमक्या खुंटीवर मिळायला हवा. नऊ चौकटींपायी माझ्या दोन रात्री गेल्या. इथे साडेबाराशे डबे होते.

चित्रपटाची सुरुवातच बघा. ताडामाडांची रांग, समोरून तरंगत जाणारं हेलिकॉप्टर, मग सगळं रान पेटतं आणि हेलिकॉप्टरच्या पात्यांतून हॉटेलच्या खोलीतला छताचा पंखा उमटतो. आगीचं ते दृश्य टाकाऊ तुकड्यांतून उचललेलं आहे. हेलिकॉप्टरचा तो घुमणारा आवाज खरा नाही. मर्च आणि त्यांच्या साथीदारांनी तो सिंथेसायझरवर बनवला. नायक तर फारसा बोलतच नाही. त्याच्या मनातला आवाज युद्धवार्ताहर मायकेल हर यांनी लिहिला आणि तो संकलनाच्या काळात चढवला गेला. नदीवरचे सुटे प्रसंग त्या आवाजाने एका दोऱ्यात ओवले. मर्च यांचं ध्वनीचं काम एवढं मोठं होतं की ‘साउंड डिझायनर’ हा शब्द तिथून रूढ झाला.

मे १९७९ मध्ये कान महोत्सवात चित्रपट दाखवला तेव्हाही तो पुरा झालेला नव्हता. फोल्कर श्लॉन्डॉर्फ यांच्या ‘द टिन ड्रम’बरोबर त्याला सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं. ऑगस्टमध्ये तो अमेरिकेत लागला.

अशा गोष्टी ऐकून आमच्या क्षेत्रातली तरुण मुलं म्हणतात, मोठी कलाकृती हवी तर वेड लागलंच पाहिजे. मला हे पटत नाही. वेडाने फिल्म जमा केली, माणसं थकवली, एकाला मरणाच्या दारात नेलं. त्या ढिगाचा चित्रपट झाला तो दोन वर्षं रोज वेळेवर येऊन, नंबर तपासून, न कंटाळता तुकडे जोडणाऱ्यांमुळे. फक्त वेडाच्या कथा रंगतात, शिस्तीच्या रंगत नाहीत, म्हणून त्या कुणी सांगत नाही.

१९८० च्या ऑस्करमध्ये या चित्रपटाला छायाचित्रण आणि ध्वनी यांचे पुरस्कार मिळाले. संकलनाला नामांकन मिळालं. पुरस्कार दुसऱ्याच चित्रपटाला गेला.