सैनिकी पदके व बिल्ले : अस्सल आणि बनावट

सैनिकी पदके व बिल्ले : (अस्सल आणि बनावट). मोहिमेतील सहभागाबद्दल किंवा पराक्रमाबद्दल सैनिकास दिलेली पदके आणि त्याच्या पलटणीची ओळख दर्शविणारे टोपीवरील व खांद्यावरील बिल्ले यांपैकी मूळचे कोणते व मागाहून बनविलेले कोणते, हे ठरविण्याच्या पद्धतींचा येथे विचार केला आहे. हा विषय नाणकशास्त्राला जवळचा असला, तरी नाणे कोणाच्याही हाती जाते आणि पदक मात्र एका विशिष्ट माणसाला दिलेले असते. त्यामुळे पदकाची किंमत धातूपेक्षा त्याच्या कडेवरील नावावर अवलंबून राहते आणि बनावटगिरीचा भरही बहुधा त्या नावावरच असतो. येथील विवेचन मुख्यत्वे ब्रिटिश अमदानीतील हिंदी सैन्याच्या पदकांपुरते मर्यादित आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदी सैनिकांस पदके देण्यास अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रारंभ केला. पहिल्या इंग्रज-मराठे युद्धात पश्चिम हिंदुस्थानात आणि हैदर अलीविरुद्ध दक्षिणेत लढलेल्या बंगाल सैन्यातील शिपायांना दख्खन पदक (१७७८–८४) मिळाले. त्यानंतर म्हैसूर पदक (१७९०–९२) व श्रीरंगपट्टण पदक (१७९९) ही प्रचारात आली. यांपैकी कशावरही धारकाचे नाव घालण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे त्यांची परीक्षा आकार, वजन आणि ठशाची अवस्था यांवरूनच करावी लागते. श्रीरंगपट्टण पदकाचा आराखडा कोन्राट हाइन्रिख क्यूख्लर याचा असून त्याच्या एका बाजूवर वाघाला लोळविणारा सिंह दाखविला आहे. बर्मिंगहॅमच्या सोहो टाकसाळीत पाडलेल्या पदकांचा व्यास सु. ४८ मिमी., तर कलकत्त्याच्या टाकसाळीतील पदकांचा सु. ४५ मिमी. आहे. हे ठाऊक नसल्यास कलकत्त्याचे अस्सल पदक लहान म्हणून बनावट ठरविले जाण्याचा धोका असतो. मूळ पदकांना अडकविण्याची कडी नव्हती. ती ज्याने त्याने आपल्या सोयीने सोनाराकडून बसवून घेतली. तेव्हा कडी निरनिराळ्या घडणीची दिसली, तरी तेवढ्यावरून शंका घेण्याचे कारण नाही.

मूळ ठसे टाकसाळीत शिल्लक राहिल्यास त्यांवरून पुढे संग्राहकांसाठी पदके पाडली जाऊ शकतात आणि कंपनीच्या जुन्या पदकांबाबत तसे घडलेही. असे पुनर्मुद्रित पदक खोट्या हेतूने बनविलेले नसते. तथापि ते कोणा सैनिकाच्या छातीवर कधी नव्हते. साठवणीत गंजलेल्या ठशावरील बारीक खळगे नव्या पदकाच्या सपाट भागावर उंचवट्यांच्या रूपाने उमटतात आणि ठशाला गेलेला तडा उठावाच्या बारीक रेषेसारखा दिसतो. ही लक्षणे भिंगाखाली ओळखता येतात.

निव्वळ नकलांचे दोन प्रकार विशेष आढळतात. अस्सल पदकाच्या साच्यातून ओतलेली नकल धातू थंड होताना आकसत असल्याने मूळ पदकाहून किंचित लहान भरते. तिची अक्षरे बोथट असतात व पृष्ठावर वायूच्या बुडबुड्यांची सूक्ष्म छिद्रे दिसतात. विद्युत् विलेपनाने बनविलेल्या नकलेत दोन्ही बाजूंची पातळ कवचे स्वतंत्रपणे तयार करून एकत्र झाळलेली असतात. तिचा तपशील अत्यंत हुबेहूब असतो. पण कडेवर सांध्याची रेषा राहते आणि वजन जुळत नाही. अनेक संग्रहालयांनी अशा नकला उघडपणे प्रदर्शनासाठी करविल्या होत्या. अधिकारी मूळ पदक घरी ठेवून समारंभात वापरण्यासाठी शिंप्याकडून दुसरा संच घेत असत, तोही बनावट म्हणता येत नाही. नकल बनावट ठरते ती अस्सल म्हणून पुढे केल्यावर.

खरी अडचण असते ती पदक अस्सल आणि नाव खोटे असते तेव्हा. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक ब्रिटिश मोहीम-पदके ३६ मिमी. व्यासाची व चांदीची असून त्यांच्या कडेवर धारकाचा हुद्दा, नाव व पलटण आणि बहुधा सैनिकी क्रमांक नोंदविलेला असे. ही अक्षरे एकतर ठोकून उठविलेली किंवा हाताने कोरलेली असत. कोणत्या पदकावर कोणती पद्धत व अक्षरांचे कोणते वळण वापरले गेले, हे अभ्यासकांना ज्ञात आहे, उदा., आर्मी ऑफ इंडिया पदकावर यूरोपीय सैनिकांची नावे सामान्यतः ठोकलेली, तर हिंदी सैनिकांची कोरलेली आढळतात. जुने नाव कानशीने घासून नवे घातल्यास कडेवरील धातू कमी होतो. तो इतका थोडा असतो, की डोळ्यांना जाणवत नाही. परंतु कॅलिपरने व्यास निरनिराळ्या ठिकाणी मोजल्यास नावाच्या जागी तो कमी भरतो. संपूर्ण कड सारखी घासलेली असल्यास पदक सर्वत्रच ३६ मिमी.पेक्षा लहान दिसते आणि काठालगतची उंच कोर अरुंद झालेली असते.

या उद्योगाची झळ हिंदी सैनिकांच्या पदकांस अधिक पोहोचली. बाजारात गोऱ्या सैनिकाच्या नावाला, त्यातही प्रसिद्ध लढाईतील नावाला, फार अधिक किंमत येई. शिपायाचे पदक स्वस्तात मिळत असल्याने घासण्यासाठी तेच सोयीचे ठरे. अशा शिपायाच्या घरात दुसरा लेखी पुरावा क्वचितच असे. कडेवरील ती एक ओळ गेली, की तो त्या मोहिमेत होता याची घरात उरलेली एकमेव खूण नाहीशी होई. वितळविण्याने झालेली हानीही मोठी आहे. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलमध्ये सु. एक औंस चांदी असते. १९८०च्या प्रारंभी चांदीचे भाव अकस्मात भडकले, तेव्हा अशी असंख्य पदके मुशीत गेली.

पदकाच्या फितीवर लावलेल्या, लढाईचे नाव असलेल्या आडव्या पट्टीने किंमत वाढते; म्हणून नसलेली पट्टी जोडण्याचा मोह पडतो. १८५१ मध्ये मंजूर झालेले आर्मी ऑफ इंडिया पदक १७९९ ते १८२६ या काळातील लढायांसाठी होते व ते त्या वेळी हयात असलेल्यांनाच मिळाले. त्यामुळे ते दुर्मिळ आहे. त्याच्या एकवीस पट्ट्यांत असई, अडगाव (आरगाव), गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर व कोरेगाव यांचा समावेश होतो. येथे इतिहासाचे ज्ञान भिंगापेक्षा उपयोगी पडते. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ रोजी माळव्यात झाली आणि कोरेगावची १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी. दोहोंमधील अंतर पाचशे किमी.हून अधिक आहे. दोन्ही पट्ट्या एकाच शिपायाच्या पदकावर आढळल्यास त्याने अकरा दिवसांत ते पायी तोडले असे मानावे लागेल. कोरेगावच्या बाजूने मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, काही घोडेस्वार व मद्रास तोफखान्याची एक लहान तुकडी एवढेच कंपनीचे सैन्य होते. अन्य पलटणीच्या नावासह आलेली ही पट्टी संशयास्पदच मानावी लागते.

अखेरची कसोटी म्हणजे पदक-याद्या. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात व क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्‌जमध्ये त्या जतन केल्या आहेत. कडेवरील नाव, पलटण व पट्ट्या यांचा मेळ यादीशी घालता येतो. हिंदी नावांबाबत मात्र सावधगिरी हवी. लेखनिकांनी ऐकू आली तशी नावे रोमन लिपीत उतरविल्याने एकच आडनाव तीन-चार प्रकारे लिहिलेले सापडते. म्हणून वर्णलेखनातील भेद खोटेपणाचा पुरावा ठरत नाही. उलट, एका पलटणीत त्याच नावाचे अनेक शिपाई असल्याने केवळ नाव जुळले, तर तेही पुरेसे नसते. निर्णय सैनिकी क्रमांकावरून करावा लागतो. शिवाय यादीतील नाव पाहून ते पदकावर कोरणे बनावट करणाऱ्यालाही शक्य असते.

झीज हीदेखील बोलकी खूण आहे. छातीवर वापरलेले पदक उंच भागांवर आणि शेजारच्या पदकाला लागणाऱ्या बाजूवर झिजते. १८८२च्या ईजिप्त मोहिमेच्या रुपेरी पदकाशेजारी खेदिवचा काशाचा तारा लावत. त्याची टोके लागून चांदीवर बारीक टोचे पडत. वाळूने किंवा आम्लाने आणलेले जुनेपण असा भेद करीत नाही, ते सर्वत्र सारखे पसरते. जंबुपार किरणांत चकाकणारी फीत विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची समजतात. पण फिती वरचेवर बदलल्या जात असल्याने त्यावरून पदकाविषयी काहीच ठरत नाही.

बिल्ल्यांवर नाव नसते, त्यामुळे त्यांची परीक्षा अधिक कठीण होते आणि मूळ ठशांवरून पाडलेल्या नव्या प्रती बाजारात विपुल आहेत. मुकुटाचा आकार हा येथील पहिला आधार होय. व्हिक्टोरियाच्या काळातील मुकुट, १९०२ नंतरचा कमानदार ट्यूडर मुकुट आणि दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्यारोहणानंतरचा सेंट एडवर्ड मुकुट हे परस्परांहून भिन्न आहेत. पलटणींच्या नामांतरांचाही उपयोग होतो. १९२२च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११६ व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियनी झाल्या. तेव्हा ११० हा आकडा असलेल्या खांद्यावरील अस्सल बिल्ल्याचा काळ त्याआधीचा असला पाहिजे. ठशाने पाडलेल्या बिल्ल्याच्या मागील बाजूस पुढील आकृतीचे खोलगट प्रतिबिंब उमटते. ओतीव बिल्ला मागे बहुधा सपाट व जाड असतो. मागील आकडे व पट्टी नव्याने झाळलेली असल्यास त्याभोवती ताज्या धातूचा उजळ डाग दिसतो. तो डाग दुरुस्तीमुळेही पडू शकतो, याचा विसर पडू नये. [→ नाणी व नाणकशास्त्र].