भाच्याची चिप

यंत्रांतलं मला फारसं कळत नाही, मी आपला इतिहासाचा मास्तर. पण अमेरिकेत भाच्याकडे राहिलो तेव्हा त्याच्या २००१ सालच्या फोर्ड पिकअपने मला नादी लावलं. ७.३ लिटरचं डिझेल इंजिन, हाताने टाकायचे सहा गिअर.

पूर्वी डिझेल इंजिनाची ताकद वाढवायची तर मेकॅनिक पंपाचा स्क्रू पिळायचे. १९९४ मध्ये फोर्डच्या या इंजिनात डिझेल कधी, किती फवारायचं हे संगणक ठरवू लागला आणि स्क्रूच्या जागी चिप आली. संगणकाच्या पाठच्या खाचेत खोचली, की झालं! खुद्द कंपनीने २००१ मध्ये हेच इंजिन ऑटोमॅटिकबरोबर २५० हॉर्सपॉवरचं दिलं आणि मॅन्युअलबरोबर २७५चं.

भाच्याला तेवढंही पुरेना. चिप बसली, क्लच मात्र जुनाच. ट्रेलर ओढत डोंगर चढताना वरच्या गिअरात इंजिन नुसतंच घोंघावायला लागलं, वेग वाढेना. मग जळका वास. क्लचप्लेट गेली होती. ती बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सुट्टीसाठी साठवलेले पैसे त्यातच गेले.

"मामा, चिप काढून टाकू का?" मी काय सांगणार, कपाळ! शेवटी ट्रेलर जोडायच्या आधी तेवढी तो काढून ठेवू लागला.