कात्री की वय? भारतीय चित्रपटाच्या प्रमाणपत्राची कथा

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३० साली शिवचरित्रावर एक मूकपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, शिवाजी महाराजांची भूमिकाही त्यांचीच. नाव ठरले होते ‘स्वराज्य तोरण’. सेन्सॉरला त्यातला ‘स्वराज्य’ हा शब्दच खटकला, ध्वज फडकवण्याचे दृश्यही मान्य होईना. अखेर काटछाट सोसून चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने पडद्यावर आला. तो मुलांनी पाहावा की नाही, हा प्रश्न या साऱ्या प्रकरणात कुठेही नव्हता.

तो असण्याचे कारणही नव्हते. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे सेन्सॉर मंडळे बसली. त्यांची सूत्रे पोलीस आयुक्तांच्या हाती होती. चित्रपट एकतर प्रदर्शनास योग्य, नाहीतर अयोग्य. भय होते ते राजद्रोहाचे. १९२१ च्या ‘भक्त विदुर’मध्ये महाभारतातला विदुर खादी आणि गांधीटोपी घालून अवतरला, तेव्हा मद्रास आणि कराचीत त्यावर बंदी आली.

प्रेक्षकाच्या वयाचा विचार कायद्यात आला तो स्वातंत्र्यानंतर. १९४९ च्या दुरुस्तीने दोन वर्ग केले : सर्वांसाठी ‘यू’ आणि केवळ प्रौढांसाठी ‘ए’. १९५१ मध्ये प्रांतोप्रांतीच्या मंडळांच्या जागी केंद्रीय मंडळ आले. आजही लागू असलेल्या १९५२ च्या कायद्याने अठरा वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला प्रौढ मानले. वर्गवारीमागचा विचार स्वच्छ होता. जे मुलांनी पाहू नये, ते प्रौढांच्या चित्रपटातून कापण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात मात्र वर्ग आला आणि कात्रीही राहिली. निर्मात्यापुढे नवाच पेच उभा झाला : ‘ए’ स्वीकारून कुटुंबासह येणारा प्रेक्षक गमवावा, की दृश्ये कापून ‘यू’ पदरात पाडून घ्यावे?

हा पेच न्यायालयात नेला ख्वाजा अहमद अब्बास यांनी. १९६८ साली त्यांनी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतील वैभव आणि दारिद्र्य शेजारी शेजारी मांडणारा सोळा मिनिटांचा अनुबोधपट तयार केला. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीचे दर्शन होते. अब्बास यांनी ‘यू’ मागितले. मंडळ ‘ए’वर अडून बसले. अपिलात केंद्र सरकारने मधला मार्ग सुचवला : वेश्यावस्तीची दृश्ये कापा, ‘यू’ घ्या. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी सुरू असतानाच सरकारने माघार घेतली आणि काहीही न कापता ‘यू’ देण्याची तयारी दाखवली. दुसरा कोणी असता तर प्रमाणपत्र घेऊन घरी गेला असता. अब्बास यांनी याचिका दुरुस्त करून पूर्वपरीक्षणाच्या पद्धतीलाच आव्हान दिले.

१९७० च्या निकालात ते हरले. चित्रपट मनाला इतर कलांहून अधिक हलवतो, म्हणून त्याची पूर्वतपासणी घटनाबाह्य नाही, असे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने ठरवले. पण त्याच निकालात असेही बजावले की, समाजातील अत्यंत दुबळ्या वा विकृत मनाच्या माणसाला जपण्याच्या मापाने निरोगी प्रेक्षकाने काय पाहू नये हे ठरवता येणार नाही. अब्बास हरूनही पुढे बरेच काही घडले. अपिले सरकारकडे न जाता एखाद्या न्यायाधिकरणाकडे जावीत, या मागणीला सरकारने सुनावणीतच होकार दिला होता. ते न्यायाधिकरण १९८० च्या दशकात अस्तित्वात आले.

१९८३ मध्ये मंडळाच्या नावातून ‘सेन्सॉर’ हा शब्द गेला आणि ‘प्रमाणन’ आला. लोकांच्या तोंडी मात्र आजही ‘सेन्सॉर’च आहे. त्याच वर्षी मधला ‘यूए’ वर्ग सुरू झाला : चित्रपट सर्वांना खुला, पण बारा वर्षांखालील मुलांबाबत पालकांनी विचार करावा. डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यावसायिकांपुरता ‘एस’ही तेव्हाचाच. प्रमाणपत्रावरची हिंदी अक्षरे मराठी वाचकाला हमखास चकवतात. तिथला ‘अ’ म्हणजे ‘अनिर्बंधित’, अर्थात ‘यू’. प्रौढांसाठीचे अक्षर ‘व’, म्हणजे ‘वयस्क’.

पण सहा वर्षांचे मूल आणि अकरा वर्षांचे मूल एकाच पारड्यात कसे? श्याम बेनेगल समितीने २०१६ मध्ये ‘यूए’चे वयानुसार पोटविभाग सुचवले, आणि मंडळाने कापण्याऐवजी वर्ग ठरवण्यावर भर द्यावा असेही म्हटले. पहिली सूचना २०२३ च्या दुरुस्तीत वेगळ्या आकड्यांनी उतरली : यूए ७+, १३+ आणि १६+. दुसरी कागदावरच राहिली. दृश्ये कापायला सांगण्याचा अधिकार मंडळाकडे आजही आहे. २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरणही रद्द झाल्याने तक्रार घेऊन आता थेट उच्च न्यायालयात जावे लागते.

‘ए’ चित्रपटाला अठरा वर्षांखालील व्यक्तीला आत सोडणे हा चित्रपटगृहाचा गुन्हा आहे. ‘यूए’चे आकडे मात्र केवळ आई-वडिलांसाठी किंवा पालकांसाठी आहेत. ‘यूए १६+’ चित्रपटाला वडिलांचा हात धरून आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला दारावरचा माणूस कायद्याचा आधार घेऊन अडवू शकत नाही. पालकांखेरीज इतर कोणालाही ती सूचना लागू करण्याचा अधिकार नाही, असे २०२३ च्या कायद्यातच लिहिलेले आहे.