दिव्याविना जेल नेलपॉलिश घट्ट होते का? घरगुती उपायांमागील विज्ञान आणि धोके

नवी दिल्ली : घरच्या घरी जेल नेलपॉलिश लावण्याचे संच आता ऑनलाइन बाजारात सहज मिळतात. मात्र दिव्याचा खर्च टाळण्यासाठी, दिवा बिघडल्यामुळे किंवा ऐन समारंभाच्या दिवशी वीज गेल्यामुळे अनेक जण दिव्याशिवाय हे पॉलिश ‘वाळवण्याचे’ मार्ग शोधतात. थंड पाणी, हेअर ड्रायर, ऊन, खाद्यतेलाचा फवारा असे अनेक उपाय सुचवले जातात. यांपैकी एकाही उपायाने जेलचा थर तळापर्यंत खात्रीने घट्ट होत नाही. अर्धवट घट्ट झालेल्या जेलमुळे आयुष्यभर टिकणारी ॲलर्जी जडू शकते, ही यातील अधिक गंभीर बाब आहे.

वाळणे आणि घट्ट होणे यांतील फरक

साधे नेलपॉलिश हे नायट्रोसेल्युलोज आणि रंगद्रव्ये यांचे इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट यांसारख्या द्रावकांतील मिश्रण असते. द्रावक हवेत उडून गेले की नखावर पातळ पापुद्रा उरतो. यालाच आपण वाळणे म्हणतो.

जेलची घडण निराळी आहे. त्यात ॲक्रिलेट आणि मेथाक्रिलेट वर्गातील लहान रेणू व प्रकाशाला प्रतिसाद देणारी रसायने असतात. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पडताच ही रसायने विघटित होतात आणि त्यातून निर्माण होणारे अतिक्रियाशील घटक सुट्या रेणूंची साखळी जोडू लागतात. काही सेकंदांत द्रवाचे कठीण प्लास्टिकसदृश थरात रूपांतर होते. दंतवैद्य दातातील पोकळी भरल्यानंतर निळा प्रकाश टाकतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. जेलमध्ये उडून जाणारे द्रावक जवळजवळ नसल्याने ते तासन्‌तास हवेत ठेवले तरी ओलेच राहते.

नखांसाठीच्या एलईडी दिव्यांचा प्रकाश साधारणतः ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. पुरेशा तीव्रतेच्या दिव्याखाली एक थर घट्ट व्हायला बहुधा ३० ते ६० सेकंद लागतात.

प्रचलित उपाय किती उपयुक्त?

थंड पाणी किंवा बर्फ : साध्या पॉलिशचा पृष्ठभाग गारव्याने लवकर धरतो, असा अनुभव असल्याने हा उपाय जेललाही लावला जातो. पाण्यामुळे जेलमधील रेणूंची साखळी तयार होत नाही.

हेअर ड्रायर : उष्णतेने जेल पातळ होऊन नखाच्या कडेने त्वचेवर ओघळण्याची शक्यता वाढते. ॲलर्जीच्या दृष्टीने हेच सर्वांत घातक आहे.

खाद्यतेलाचा फवारा : तेलामुळे पृष्ठभाग गुळगुळीत व कोरडा भासतो. आतील थर तसाच राहतो.

घरातील बल्ब किंवा मोबाइलचा टॉर्च : या प्रकाशात आवश्यक अतिनील किरण जवळजवळ नसतात.

ऊन : हा एकच उपाय काही अंशी काम करतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के किरण ‘यूव्ही-ए’ प्रकारचे असतात आणि जेलला तेच लागतात. जेलची बाटली उन्हात राहिली तर आतील द्रव घट्ट होऊ लागतो, तो यामुळेच. तथापि ऋतू, वेळ, ढग आणि बोटांचा कोन यांनुसार उन्हाची तीव्रता बदलते. परिणामी वरचा थर कडक होतो आणि नखालगतचा भाग ओला राहतो. गडद रंग व जाड थर प्रकाश अडवत असल्याने त्यांच्या बाबतीत ही त्रुटी अधिक असते. शिवाय जेलसाठी पुरेसे ऊन मिळावे म्हणून हात जितका वेळ उघडे ठेवावे लागतात, तितका वेळ त्वचेलाही तेच किरण सोसावे लागतात.

स्पर्शाला कडक लागणे हा जेल पूर्ण घट्ट झाल्याचा पुरावा नव्हे. उलट, योग्य रीतीने घट्ट झालेल्या अनेक जेलवरही हवेतील ऑक्सिजनमुळे पातळ चिकट थर उरतो आणि तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागतो.

ॲलर्जीचा धोका

साखळीत न जोडले गेलेले ॲक्रिलेटचे रेणू त्वचेत शिरू शकतात. ॲलर्जी पहिल्याच वापरात दिसेल असे नाही. अनेक महिन्यांच्या वापरानंतरही ती उद्भवू शकते. बोटांच्या टोकांना खाज, लाली, भेगा पडणे, नख मांसापासून सुटणे ही तिची लक्षणे आहेत. हात चेहऱ्याला लागत असल्याने पापण्यांवर आणि मानेवरही पुरळ उठू शकते.

एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जात नाही. दातांतील काही भरावे, सांधेरोपणात वापरले जाणारे बोन सिमेंट आणि मधुमेहींच्या काही ग्लुकोज सेन्सरचे चिकट भाग यांतही ॲक्रिलेट वर्गातील रसायने असतात. त्यामुळे नखांच्या हौशीचा परिणाम पुढे वैद्यकीय उपचारांवर होऊ शकतो.

अमेरिकन काँटॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने २०१२ मध्ये ॲक्रिलेटला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ घोषित केले होते. ब्रिटिश असोसिएशन ऑफ डर्मेटॉलॉजिस्ट्‌सने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, ब्रिटन व आयर्लंडमधील केंद्रांत तपासलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्के जणांना या वर्गातील किमान एका रसायनाची ॲलर्जी होती. घरगुती संच वापरणाऱ्यांनी उत्पादकाने सुचवलेलाच दिवा वापरावा, असा सल्ला या संस्थेने दिला होता.

युरोपीय संघाने २०२० च्या नियमाद्वारे ‘हेमा’ हे रसायन असलेली नखांची उत्पादने केवळ व्यावसायिक वापरापुरती मर्यादित केली. प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या ‘टीपीओ’ या घटकावर तेथे १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आहे.

जेल लावले, पण दिवा नाही, मग काय?

ओले जेल काढणे सोपे असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या, तंतू न सोडणाऱ्या कापडाने ते पुसावे. पुसताना ते त्वचेवर पसरू देऊ नये व नंतर हात साबणाने धुवावेत. ही द्रव्ये ज्वालाग्राही असल्याने हे काम गॅसची शेगडी, उदबत्ती किंवा निरांजन यांपासून दूर, खेळत्या हवेत करावे. अर्धवट घट्ट झालेला थर नखाने खरवडू नये. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस १० ते १५ मिनिटे लावून ठेवल्यास तो सैल होतो.

दिवा वापरायचाच नसेल, तर ‘जेल इफेक्ट’ प्रकारचे पॉलिश हा पर्याय आहे. ते साध्या पॉलिशप्रमाणे हवेत वाळते आणि त्याला जेलसारखी चकाकी येते. खरेदी करताना वेष्टनावर दिव्याची गरज असल्याचा उल्लेख आहे का, हे पाहावे. भारतात सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. आयात उत्पादनाच्या वेष्टनावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक, आयातदाराचे नाव व पत्ता आणि वापराची अंतिम मुदत आहे की नाही, हे तपासावे.

दिवा वापरणाऱ्यांसाठी

दिवा आणि जेल परस्परांना अनुरूप असावेत. केवळ अधिक वॅटचा दिवा म्हणजे योग्य दिवा नव्हे. थर पातळ द्यावा, जेल त्वचेला लागू देऊ नये आणि अंगठ्याचे नख तिरके राहत असल्याने ते स्वतंत्रपणे दिव्याखाली धरावे. दिव्याचे किरणही निर्धोक नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशाळेतील अभ्यासात, २० मिनिटांच्या एका संपर्कानंतर २० ते ३० टक्के पेशी मृत झाल्याचे आढळले. हा प्रयोग प्रत्यक्ष व्यक्तींच्या हातांवर झालेला नव्हता. तरीही हातांना आधी सनस्क्रीन लावावे किंवा बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे घालावेत, असा सल्ला अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी देते.

खाज, पुरळ किंवा नख सुटण्याचे लक्षण दिसताच वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पॅच टेस्टद्वारे या ॲलर्जीचे निदान करता येते. निदान झाल्यास दंतवैद्य व शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना त्याची पूर्वकल्पना द्यावी.