गाणं भाड्यानं घेतलं तर : अमेरिकन गुन्हेमालिका आणि गाजलेली गाणी

आज आपण एका रात्रीच्या प्रसंगापासून सुरुवात करू. १६ सप्टेंबर १९८४ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 'मायामी व्हाइस'चा पहिला भाग दाखवला गेला. रिकामे रस्ते, उघड्या टपाची गाडी, आत क्रॉकेट आणि टब्ज हे दोन पोलीस. मध्येच क्रॉकेट गाडी थांबवतो, रस्त्यावरच्या फोनवरून दुरावलेल्या बायकोशी बोलतो. आपल्यात जे होतं ते खरं होतं ना, एवढंच विचारतो. बाकी संवाद जवळजवळ नाहीच. वाजतं ते फिल कॉलिन्सचं 'इन द एअर टुनाइट', १९८१ सालचं, प्रेक्षकांच्या चांगलं ओळखीचं गाणं.

यात नवं काय? टीव्हीवर गाणी आधीही होती. पण मालिकेला गाजलेलं गाणं हवं असेल तर बऱ्याचदा ते दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेत, कारण ते स्वस्त पडे. 'मायामी व्हाइस'नं मूळ रेकॉर्ड विकत आणली. विकत म्हणजे खरं तर भाड्यानं, आणि आपल्या आजच्या विषयाची गाठ इथंच आहे.

एका गाण्यासाठी दोन परवानग्या लागतात. शब्द आणि चाल यांची एक, ती प्रकाशकाकडून. ध्वनिमुद्रणाची दुसरी, ती रेकॉर्ड कंपनीकडून. करारात वर्षं लिहिलेली असतात, माध्यमही लिहिलेलं असतं. १९८०च्या दशकात लोकांनी 'प्रक्षेपण' लिहिलं. डीव्हीडी नावाची वस्तू तेव्हा नव्हतीच, मग तिचे पैसे कोण मोजणार?

परिणाम 'वाइजगाय'मध्ये दिसतो. सीबीएसची ही मालिका १९८७ साली आली. व्हिनी हा वेषांतर करून टोळीत शिरलेला सरकारी एजंट, आणि ज्याला पकडायचं तो सनी आता त्याचा जिवलग. सनीच्या कथेच्या अखेरीस दोघे एका बंद थिएटरात अडकतात, मारामारी करून दमतात, आणि 'मूडी ब्लूज'चं 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' वाजतं. डीव्हीडीवर ते गाणं नाही, त्या जागी भलतंच संगीत आहे. चित्र तेच, माणसं तीच, पण प्रसंग पांगळा झालेला. डीव्हीडी बघून या मालिकेवर लिहिणारा अभ्यासक वेगळ्याच कलाकृतीबद्दल लिहीत असतो, आणि बिचाऱ्याला पत्ता नसतो.

याहून मोठी किंमत 'कोल्ड केस'नं मोजली. २००३ ते २०१०, १५६ भाग. फिलाडेल्फियाची लिली रश जुने, न सुटलेले खून उकरून काढते. खून ज्या वर्षातला, गाणी त्या वर्षाच्या आसपासची. आम्हाला ही युक्ती इतिहासाच्या अंगानं महत्त्वाची वाटते. पाटी लावून साल सांगता येतं, पण त्या सालात तरुण असणं कसं होतं हे पाटी सांगत नाही. शेवटी गाणं सुरू होतं, म्हातारा झालेला साक्षीदार क्षणभर तरुण दिसतो, मेलेलं माणूस कोपऱ्यात उभं राहून लिलीकडे बघतं. (दर आठवड्याला तेच, हो. तरी डोळे भरायचेच.) जानेवारी २००६मधल्या एका भागात तर सगळी गाणी ब्रूस स्प्रिंगस्टीनची.

आता हिशेब करा. प्रत्येक भागात कितीतरी गाणी, प्रत्येकाचे दोन मालक, आणि भाग १५६. मालिका जोरात चालू असतानासुद्धा तिची डीव्हीडी बाजारात आली नाही, त्यामागचं मोठं कारण ही गाणीच. आणि 'वाइजगाय'सारखी ती बदलून टाकायची म्हटलं, तर या मालिकेत उरणार काय?

म्हणून अशा मालिकांचा मूळ आवाज शोधायचा तर कधी कधी प्रेक्षकांकडेच जावं लागतं. कुणीतरी त्या रात्री व्हीसीआर लावून, जाहिरातींसकट टेप केलेली कॅसेट. कायद्याच्या भाषेत तिला फारशी किंमत नाही. गाणं मात्र तिच्यात आहे.