ग्रेपनेट

ग्रेपनेट ही युरोपीय संघात निर्यात होणाऱ्या भारतीय द्राक्षांचा बागेपर्यंत माग ठेवणारी संगणकीय प्रणाली आहे. कृषी व प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाने (अपेडा) ती २००६ मध्ये सुरू केली.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदार जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयामार्फत बागेची नोंदणी करतात. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नमुना तपासते. कीडनाशकांचे अंश विहित मर्यादेत असल्यासच बागेतील माल युरोपसाठी पात्र ठरतो. त्यानंतर ॲगमार्क आणि कीडमुक्ततेची ग्वाही देणारे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र आवश्यक असते.

२०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे हे संजीवक तेव्हा तपासणीच्या यादीत नव्हते. त्यामुळे देशात तपासणी होऊनही माल अडकला आणि बागायतदार व निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले. पुढे या रसायनाचा यादीत समावेश करण्यात आला. आयातदार देशांच्या मर्यादा बदलत असल्याने फवारणीचे नियोजन छाटणीपासूनच चालू हंगामाच्या यादीनुसार करावे लागते.