एका जिल्ह्यातले दोन बेंदूर

फिनलंडमध्ये ‘युहान्नुस’ हा ऐन उन्हाळ्याचा सण. त्याच्याविषयी वाचताना मला आमचा बेंदूर आठवला. २०२४ साली २१ जूनला आपल्याकडे वटपौर्णिमा होती आणि त्याच शुक्रवारी तिकडे युहान्नुसची पूर्वसंध्या. जतकडच्या गावांत ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर असतो, कन्नड बोलीतली कारहुणवी. सातारा-कराडकडचा महाराष्ट्री बेंदूर मात्र महिनाभराने, आषाढी पौर्णिमेच्या तोंडावर.

अर्थात जून हा आपला उन्हाळा नव्हे. साताऱ्या-सांगलीवर सूर्य मेच्या पूर्वार्धातच डोक्यावर येऊन जातो, आणि वर्षातला सर्वांत मोठा दिवस (तेरा तासांहून थोडा अधिक) बहुधा ढगांतच सरतो. हेलसिंकीत तो जवळपास एकोणीस तासांचा. म्हणून तिकडे उजेडाचा उत्सव, तळ्याकाठी ‘कोक्को’ नावाची होळी. इकडे पावसाची वाट आणि बैलाची पूजा. पण युहान्नुसला संत योहानाचे नाव मिळण्यापूर्वी तो सण उक्को या मेघगर्जनेच्या देवाचा होता, असे मानतात. पीकपाण्यासाठी आभाळाकडे पाहणे तिथेही होतेच.

एका जिल्ह्यात दोन बेंदूर का? १९४९ साली जत संस्थानासह ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. सण मात्र सरकारी हद्दीने हलले नाहीत. पावसावरून तिथी ठरली असती, तर उलटे व्हायला हवे होते: पाऊस आधी पश्चिमेला लागतो, जत तर रब्बीचा मुलूख. तरी आधीचा बेंदूर जतचाच. माझ्या मते सण भाषेबरोबर आणि सोयरिकीबरोबर आला. पश्चिमेकडे पेरणी आटोपल्यावर बैल मोकळा होतो, हेही कारण असेल. पण ते दुय्यम.

विधी दोन्हीकडे जवळपास एकच. आदल्या दिवशी खांदेमळणी, मग शिंगांना रंग, अंगावर झूल, पुरणपोळीचा घास, वेशीत कर तोडणे. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नाही.

फिनलंडने १९५५ पासून युहान्नुस २४ जूनवरून हलवून २० ते २६ जूनमधल्या शनिवारी नेला. बेंदूर अजून चंद्राबरोबरच फिरतो. बदलला तो गोठा. ट्रॅक्टर आला, बैल गेले. आता कुंभाराकडची मातीची जोडी पाटावर बसते, आणि नैवेद्य तिलाच.